चढाईपटूच्या पायांत स्फोटक ताकद कशी आणावी?

कबड्डीत चढाईला 30 सेकंद मिळतात, पण निकाल लागतो घोट्याला पकड बसते त्या क्षणी. तेव्हा मध्यरेषेकडे झेपावायला लागतं ते क्षणात लावलेलं सगळं बळ. पाचशे बैठकांनी दम वाढतो, ही झेप नाही. आपल्या बऱ्याच मैदानांवर ही गल्लत अजून चालू आहे.

सुरुवात निव्वळ ताकदीपासून करा. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणं) आणि पुलअप्स. प्रत्येकाचे 3-4 सेट, सेटमध्ये पाचेक रेप्स, म्हणजे सलग पाचेक वेळा. सेट संपताना आणखी एक-दोन निघतील इतकंच वजन. नुसती बैठकच नीट बसत नसेल, तर बारला हात लावू देऊ नका.

याच काळात उडीवरून उतरायला शिकवा. साधारण 30 सेंमी उंच खोक्यावरून दोन्ही पायांवर, आवाज न करता उतरायचं. गुडघे आत झुकले की थांबवा. गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत अशीच होते.

मग उड्या: जागेवरून लांब उडी, खोक्यावर उडी, आडव्या उड्या. चढाईपटूला आडव्या उड्या जास्त द्या, कारण त्याला सतत बाजूला सरकावं लागतं. सोबत 3-4 किलोचा मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, जोरात फेकायचा. सेटमध्ये 4-5 उड्या, एकूण 40-50 पुरे. हे वॉर्मअपनंतर लगेच घ्या, सराव सामन्यानंतर नाही.

दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती हवीच. पूर्ण जोराच्या हालचालीला लागणारा स्नायूंमधला तातडीचा ऊर्जासाठा काही सेकंदांतच ओसरतो आणि भरायला मिनिटं लागतात. पोरं नुसती उभी दिसली की प्रशिक्षकाचा हात शिट्टीकडे जातो, तो आवरा. उडी आखूड पडायला लागली की त्या दिवसाचं काम संपलं, सेट उरले असले तरी.

उंचावरून उतरून लगेच वर झेपावण्याचा प्रकार सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी पुढे आणला. तो मुरलेल्या खेळाडूंसाठी आहे, शाळकरी मुलांना देऊ नका.

शेवटी मॅटवर या. कमरेला रबरी पट्टा, मागे साथीदार. निदान रेषेपासून (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) मध्यरेषेपर्यंत, म्हणजे पुरुषांच्या मैदानावर 3.75 मीटर, सुसाट परत यायचं.

दर दोन आठवड्यांनी जागेवरची लांब उडी टेपने मोजून वहीत लिहा. सामन्याच्या आठवड्यात उड्या निम्म्या करा, जोर मात्र तेवढाच ठेवा.