नवीन गायनॅक शोधताना घरी करायची तयारी

जुन्या डॉक्टर निवृत्त झाल्या असतील, लग्न होऊन तुम्ही पेडण्याहून फोंड्याला आला असाल, नाहीतर आधीच्या ठिकाणी कुणी धड ऐकूनच घेतलं नसेल. कारण काहीही असो, नवी डॉक्टर शोधायचं काम काही दुखत नसताना करा. कळा सुरू झाल्यावर जे दार उघडं असेल तिथे जावं लागतं.

आधी एका वहीत पाळीचा हिशेब उतरवा. पुष्कळ घरांत तो स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असतो, तारखेभोवती पेनाने केलेला बारीकसा गोल. म्हणून गेल्या वर्षीचं कालनिर्णय रद्दीत टाकण्याआधी त्या तारखा लिहून घ्या. शेवटची पाळी कधी आली असं डॉक्टर विचारतात, तेव्हा त्यांना पाळी सुरू झाली तो दिवस हवा असतो. ‘खूप जातं’ एवढ्यावरून त्यांना अंदाज येत नाही. दिवसाला किती पॅड लागतात, रात्री उठून बदलावं लागतं का, गाठी पडतात का, तेही लिहा. बाळंतपणं, सिझर, गर्भपात, काहीच वगळू नका. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना जे तोंडातून निघत नाही, ते लिहिलेलं पान पुढे सरकवता येतं. आईकडे किंवा वडिलांकडे कुणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, ते फोन करून विचारा. आत्यांचं बहुतेक जणी विसरतात, आणि तेही तितकंच महत्त्वाचं असतं.

मग फाईल. सोनोग्राफीचे चकचकीत फोटो उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात आणि हळूहळू फिके पडतात. ते लॅमिनेट करू नका, गरम रोलरखालून गेले की काळे होतात. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जुने कागद हॉस्पिटलकडे राहिले असतील तर मागायला संकोचू नका. मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्यात, असं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारनियमांतच आहे.

आता डॉक्टर. शेजारणीला नुसतं ‘चांगली आहे का’ विचारून काही कळत नाही. प्रश्न विचारले की वैतागते का, तपासताना पडदा ओढते का, रात्री अडलं तर फोन कोण उचलतं, हे विचारा. पाटीवर स्त्रीरोगातली एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ ही पात्रता आणि नोंदणी क्रमांक बघा. डॉक्टर पुरुष असेल तर तपासणीच्या वेळी खोलीत दुसरी बाई असायलाच हवी, तो तुमचा हक्क आहे. बांबोळीचं गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयं आहेतच, पण वाळपईहून बांबोळी गाठायची म्हणजे दिवस मोडतो. वरचेवर दाखवायचं असेल तर जवळचं बघा. खाजगीत जाणार असाल तर पुढे ऑपरेशनला गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड तिथे चालेल का, हे आधीच विचारा.

अपॉइंटमेंट घेताना कुठली तपासणी होणार ते विचारून ठेवा. पोटावरून सोनोग्राफी असेल तर पाणी पिऊन लघवी धरून जायचं, आतून असेल तर करून. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, पाळीच्या दिवसांत नको, आणि आधीचे दोन दिवस संबंध व आत ठेवायची औषधं टाळायची. तिशी उलटली असेल आणि ही तपासणी कधीच झाली नसेल, तर स्वतःहून विषय काढा.

‘लग्न झालंय का?’ असं विचारलं की बहुतेकदा संबंध आलेत का, हेच विचारायचं असतं. खरं सांगा. त्यावर चेहरा वाकडा करणारी डॉक्टर मला तरी पुन्हा नको. पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाका’ म्हणाल्या, तर का, औषधांनी भागेल का, हे विचारा आणि कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर डाग जरी दिसला, तरी शोधाशोध करत बसू नका, त्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरला दाखवा. दर तासाला पॅड भिजत असेल, किंवा पाळी चुकलेली असताना ओटीपोटात जोरात दुखून चक्कर येत असेल, तर लगेच 108 ला फोन करा.