जुन्या कौलारू घराची पन्हळ बदलताना

शिडी, दोर, मदतीला दोन माणसं, हे सांगायला नकोच. शाकारणी (कौलं उतरवून पुन्हा रचणं) आणि पन्हळ (छपराचं पाणी झेलणारी नाळ) बदलण्याचं काम एकाच वेळी काढा, वळचणीची पहिली ओळ दोन्हींसाठी उतरवावी लागते. उतरवलेल्या कौलांवर खडूने नंबर टाका. वेगवेगळ्या कारखान्यांची मंगळुरी कौलं एकमेकांत बसत नाहीत, त्यामुळे फुटलेल्याच्या जागी दुकानातलं नवं बसेल असं धरून चालू नका.

आता मुख्य गोष्ट. जुनी पन्हळ जागेवर असतानाच वळचणीची पाणसळ घ्या, म्हणजे पाण्याच्या नळीने पातळी मोजा. मागच्या वेळी हेच राहिलं आणि सगळं काम दोनदा करावं लागलं. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढा, दर चार फुटांवर नळीतल्या पाण्याच्या रेषेपासून वाशाची उंची मोजून कागदावर लिहा. जुनं घर ओटीवरून सरळ दिसतं, पण 40 फुटांत वळचण मध्यावर दोन इंच सहज बसलेली असते. अशा वळचणीला समांतर पन्हळ लावली आणि पाणी टोकाकडून काढलं, की मध्यावर डबकं साचतं. 10 फुटांना अर्धा इंच ढाळ धरून एका टोकाला नेली, तर त्या टोकाशी ती वळचणीच्या तीन इंच खाली लोंबते आणि घराचा चेहराच जातो. म्हणून घर जिथे बसलंय तिथेच पाणी उतरवा, दोन्हीकडून ढाळ आयता मिळतो. उभा पाइप पायरीसमोर येत असेल तर शेजारच्या खांबामागून आणा. पण हे आकडे हातात असतील तरच ठरवता येतं. पाणसळ आधी, पत्र्याची ऑर्डर नंतर.

माप कमी धरू नका. 40 बाय 15 फुटांच्या उतारावर तासाला 100 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाच हजार लिटर पाणी येतं. सहा इंची अर्धगोल पन्हळ, चार इंची पाइप. पांढरी पीव्हीसी चौकोनी पन्हळ स्वस्त पडते, पण वळचणीची लाकडी झालर झाकते आणि गोठ्याची कळा आणते. जाड गॅल्व्हनाइज्ड पत्रा घ्या, दोन्ही बाजूंनी प्रायमर, वर गेरूच्या जवळचा रंग. तांब्याची हौस असेल तर क्लॅम्प आणि स्क्रूही तांब्या-पितळेचे. लोखंडी क्लॅम्प तांब्याला टेकला की खाऱ्या हवेत लोखंड झपाट्याने गंजतं.

क्लॅम्प झालरीत ठोकू नका, वाशाच्या वरच्या अंगाला पहिल्या कौलाखाली बसवा. त्याआधी वाशाच्या टोकात सुरी खुपसून बघा, बोटभर आत गेली तर सुतार आधी. अंतर दोन फूट, वानरांचा वावर असेल तर दीड. आणि क्लॅम्पची उंची पाणसळीच्या कागदावरून धरा, नजरेने नाही.

कौल पन्हळीत दोन इंच आलं पाहिजे. बाहेरची कड छपराच्या उताराच्या रेषेखाली ठेवा, नाहीतर धो-धो पावसात मागून आलेलं पाणी कडेवर आपटून आत उसळतं. सांधे उताराच्या दिशेने एकावर एक, रिबिट आणि सीलंट. खाली जांभ्याच्या जोत्याशी पाणी सोडू नका, डोण (पाण्याचं कुंड) किंवा गटार करा. शेवटी दोन बादल्या ओतून बघा. मध्ये साचलं तर पाणसळीचा कागद काढा. नसेल तर कळलंच असेल काय राहिलं ते.