विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र चालवताना

आधी खोली बघा. दार परीक्षा विभागाच्या रांगेसमोर उघडत असेल तर मुलं फिरकणार नाहीत. ओळखीचं कोणीतरी हमखास बघतं.

एका समुपदेशकाला दिवसाला 50 मिनिटांची पाचच सत्रं द्या. सहावं दिलं की नोंदी रात्री आठवून लिहिल्या जातात आणि चुकतात. शिवाय आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी रोज दोन वेळा मोकळ्या ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात त्याही पुरत नाहीत. पहिल्या भेटीत झोप, जेवण, हजेरी विचारा आणि आत्महत्येचा विचार येतो का, हेही सरळ शब्दांत. विचारल्याने तो डोक्यात शिरतो, हा निव्वळ गैरसमज. 'हो' म्हणाला तर त्यासाठीचं साधन हाताशी आहे का ते विचारा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्रीसाठी वसतिगृहात खोलीच्या दारामागे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चिकटवा.

विभागप्रमुख 'काय म्हणाला तो?' असं विचारतातच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. लेखी संमतीशिवाय काही सांगू नका. जिवाला धोका हा अपवाद, पण तो विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. नोंदवहीत फक्त क्रमांक. नावांची यादी वेगळ्या कपाटात, कुलपात.