मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील घरी बदलताना

शॉकअपच्या पाइपवर तेलाची रेघ दिसली की लगेच नवं सील (पाइपभोवती बसून आतलं तेल अडवणारी रबरी कडी) आणायला धावू नका. आधी वरचं रबरी डस्ट सील, म्हणजे धूळ अडवणारी कडी, हलकेच वर सरकवा. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा, तिच्या टोकाला छोटा आकडा करा आणि ती पाइप व सीलच्या मधून खाली घालून पाइपभोवती एक फेरी मारा. आकड्याला काळा चिखल लागून आला तर त्यातलाच कण सीलचा ओठ, म्हणजे पाइपला टेकणारी आतली कड, उचलून धरत होता. पाइप पुसून दहा-बारा वेळा शॉकअप दाबा. तेल पुन्हा आलं नाही तर काम झालं. आलं तर मात्र चालढकल नको, कारण ते ओघळून डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर जातं आणि पुढचा ब्रेक ऐनवेळी धरत नाही.

आता पाइपवरून नख फिरवा. गंजाचा खड्डा नखाला अडकला, आणि तो सील जिथे वरखाली घासतं त्या पट्ट्यात असेल, तर कितीही चांगलं सील घाला, ते थोड्याच दिवसांत कापलं जाणार. बारीक खरवड असेल तर 1500 नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून हलक्या हाताने घासता येते. खोल खड्ड्याला उपाय एकच, पाइप बदलणे. सील वारंवार जातं अशी तक्रार असते तिथे बहुतेकदा दोष पाइपचाच असतो.

पुढचं सगळं साध्या शॉकअपसाठी आहे, म्हणजे वर पाइप आणि खाली ॲल्युमिनियमचा बॉटम (पाइप ज्यात वरखाली होतो ती जाड नळी) असलेल्या. दोन्ही बाजूंची ऑइल सील, डस्ट सील आणि खालच्या ॲलन बोल्टचे (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टचे) तांब्याचे वॉशर एकदमच आणा. सीलवर 31×43×10.3 असे आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुन्या सीलशी हे ताडून मगच पैसे द्या. शॉकअप ऑइलचा ग्रेड आणि माप गाडीच्या मॅन्युअलमधलंच धरा.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) सोडवून तारेने हँडलला बांधा; त्याचं वजन ब्रेकच्या पाइपवर येऊ देऊ नका. पॅडच्या मध्ये पुठ्ठा सारा, म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येणार नाही. चाक आणि मडगार्ड काढा. शॉकअपचे पाइप हँडलखाली ज्या दोन आडव्या पकडींत बसतात त्यांना टी म्हणतात; वरच्या टीतून पाइप किती वर आला आहे ते मोजून ठेवा.

शॉकअप टीमध्ये असतानाच दोन कामं उरका. वरच्या टीचा क्लॅम्प बोल्ट (पाइप आवळून धरणारा) सैल करून मग वरचं टोपण अर्धा आटा फिरवा. क्लॅम्प आवळलेला असताना जोर लावला तर टोपणाचे आटे जातात. आणि बॉटमच्या बुडातला ॲलन बोल्ट थोडासा ढिला करा. आत स्प्रिंगचा दाब असल्याने आतली दांडी जागीच राहते. स्प्रिंग काढल्यावर हाच बोल्ट दांडीसकट गरगर फिरतो. तसं झालंच तर लाकडी दांड्याचं टोक निमुळतं करून वरून आत दाबून धरा आणि खालून बोल्ट फिरवा.

खालच्या टीचा बोल्ट सैल करून शॉकअप पिळत खाली ओढा. टोपणाच्या शेवटच्या आट्यांना तळहाताने वरून दाब द्या, तोंड बाजूला ठेवा; स्प्रिंग उसळते. स्प्रिंगचे जवळजवळचे वेढे वर होते की खाली, त्याचा फोटो काढा. तेल ओतून काढा, बोल्ट काढा आणि पाइप बॉटममधून उपसा. डस्ट सील आणि त्याखालचा तारेचा लॉक आधी निघाला पाहिजे. लॉक गंजला असेल तर त्यावर गंज सोडवणारं तेल मारून थांबा. काही शॉकअपमध्ये बुश (पाइपभोवतीची धातूची कडी) असतो. तिथे पाइप झटक्याने ओढला की सील त्याच्याबरोबर बाहेर येतं. बाकीच्यात ते टायर लिव्हरने उचकटावं लागतं. बॉटमच्या काठावर लाकडाची पट्टी ठेवूनच जोर लावा, कारण तिथे ओरखडा पडला तर नव्या सीलच्या बाहेरून तेल झिरपतं.

सगळं रॉकेलने धुऊन कोरडं करा. नव्या सीलचा स्प्रिंगवाला भाग खाली, तेलाकडे. आकड्यांची बाजू वर. ओठाला शॉकअप ऑइल चोळा. सील पाइपवरून चढवायचं असेल तर पाइपच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी घाला, म्हणजे धारेने ओठ चिरत नाही. जुनं सील एका बाजूला कापून नव्याच्या वर ठेवा आणि योग्य व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने गोल फिरत ठोका. बद्द येणारा आवाज टणक झाला आणि लॉकची खाच पूर्ण उघडी दिसली की सील बसलं. खाच अर्धीच दिसत असेल तर लॉक जबरदस्तीने घालू नका. सील तिरकं बसलंय.

खालच्या बोल्टला नवं तांब्याचं वॉशर आणि थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा. तेल मापपात्राने मोजा, दोन्ही बाजूंना अगदी सारखं. जास्त ओतलं तर आतली हवेची जागा कमी होते, खड्ड्यात दाब वाढतो आणि सील पुन्हा गळतं. पाइप सावकाश वरखाली करून बुडबुडे निघू द्या, दहा मिनिटं थांबा, मग स्प्रिंग आणि टोपण.

जोडताना मोजलेल्या उंचीवर पाइप ठेवून आधी खालचे क्लॅम्प आवळा, मग टोपण, शेवटी वरचे क्लॅम्प. ॲक्सल (चाकाचा दांडा) घातल्यावर तो हलकाच आवळून गाडी खाली घ्या, पुढचा ब्रेक चार-पाच वेळा पंप करून घट्ट करा, शॉकअप काही वेळा दाबा आणि मगच ॲक्सल पूर्ण टॉर्कवर (ठरवून दिलेल्या जोरावर) आवळा. ब्रेक पंप करायला विसरलात तर पहिल्याच वळणावर लिव्हर मोकळा जाईल. तेल प्यायलेले पॅड घासून वापरू नका, नवेच घाला. डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसा. पहिल्या दिवशी पाइपवर तेलाची पुसट कडी दिसेल, ती जोडताना लावलेल्या तेलाची असते. पुसून टाका आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाहा.