माझ्या फंक्शनने ‘वय’ भलतीकडूनच उचललं

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी रक्तदाबाच्या सर्वेक्षणाचा डेटा होता. साठीच्या पुढचे लोक वेगळे काढायचे होते. आर (R) या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘सबसेट’ या रांगा गाळणाऱ्या फंक्शनला डेटाफ्रेम (रांगा आणि कॉलमचा तक्ता) आणि ‘वय > 60’ दिलं की झालं, हे तुम्हाला माहीत असेलच. तेच दहा ठिकाणी लागत होतं, म्हणून मी ‘गाळा’ नावाचं फंक्शन लिहिलं. डेटा आणि ‘अट’ घ्यायची, दोन्ही सबसेटकडे सरकवायची. एका ओळीचं काम. चाललं. रांगांची संख्याही आधी मोजलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळली.

तीन आठवड्यांनी मॅडमच्या लॅपटॉपवर तीच फाइल चालवली, तर एरर: ‘वय’ नावाचं ऑब्जेक्टच सापडत नाही. मी त्यांच्या लॅपटॉपला नावं ठेवली. आज आठवलं तरी कान तापतात, कारण खरं तोच सांगत होता.

आता हे सावकाश वाचा, मला समजायला दोन दिवस लागले होते. पायथॉनमध्ये फंक्शनला ‘वय > 60’ दिलं, की आधी त्याची किंमत निघते आणि मग ती आत जाते. आरमध्ये आत जातं ते प्रॉमिस: लिहिलेली एक्स्प्रेशन (न सोडवलेलं गणित), आणि ती कुठल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (नावं आणि त्यांच्या किमती राहतात त्या घरात) सोडवायची त्याचा पत्ता. सबसेट त्यातली फक्त एक्स्प्रेशन ‘सबस्टिट्यूट’ने काढून घेतं, पत्ता टाकून देतं आणि आधी डेटाफ्रेमच्या कॉलममध्ये नावं शोधतं. म्हणून तर आपल्याला दर वेळी कॉलमच्या आधी डेटाफ्रेमचं नाव आणि डॉलरचं चिन्ह लावावं लागत नाही.

पण माझ्या ‘गाळा’ने सबसेटला काय दिलं? ‘वय > 60’ नाही, ‘अट’ हा शब्द. सबसेटने ‘अट’ नावाचा कॉलम शोधला, नव्हता. मग ते माझ्या फंक्शनच्या घरात आलं, तिथे ‘अट’ मिळाली, आणि आता तिचं प्रॉमिस उघडलं. त्यावरचा पत्ता होता ग्लोबल, म्हणजे फंक्शनच्या बाहेरचं, सगळ्यांचं घर. म्हणजे ‘वय’ शोधलं गेलं ग्लोबलमध्ये, माझा डेटा बाजूलाच राहिला. वाण्याकडच्या चिठ्ठीवर ‘घरात संपलंय ते द्या’ लिहावं आणि त्यावर पत्ता भलत्याच घराचा असावा, तसलाच प्रकार.

मॅडमकडे ग्लोबलमध्ये ‘वय’ नव्हतं, म्हणून एरर आली. माझ्याकडे होतं. कधीतरी हिस्टोग्रामसाठी तो कॉलम बाहेर काढला होता, आणि नंतर डेटा गावांप्रमाणे सॉर्ट केला होता. बंद करताना आर ‘वर्कस्पेस (ग्लोबलमधलं सगळं सामान) सेव्ह करू का’ विचारतं, मी दर वेळी हो म्हणायचे, त्यामुळे ते जुनं ‘वय’ रोज सकाळी परत हजर. लांबी तीच, क्रम वेगळा. त्यामुळे संख्या बरोबर आणि माणसं चुकीची! साठीच्या पुढच्या गटात 19 वर्षांची मुलगी बसली होती. तीन आठवड्यांच्या सरासऱ्या पाण्यात.

घाबरू नका, यात तुमच्या अकलेचा प्रश्न नाही. सबसेटच्या हेल्प पानावरच लिहिलंय की हे हाताने, बसल्या बसल्या वापरायला आहे, प्रोग्रॅममध्ये चौकटी कंस वापरा. पण ते पान कोण वाचतं? मी तरी नाही वाचलं.

उपाय असा. ‘सबस्टिट्यूट’ स्वतःच्या फंक्शनमध्येच ‘अट’वर चालवा, मिळालेली एक्स्प्रेशन ‘इव्हॅल’ या ती सोडवणाऱ्या फंक्शनला द्या, सोबत डेटा आणि ‘पॅरेंट फ्रेम’, म्हणजे तुमचं फंक्शन जिथून बोलावलं ते घर. आलेल्या खऱ्या-खोट्याच्या यादीतल्या गहाळ किमतींच्या जागी आधी ‘खोटं’ घाला आणि मग ती चौकटी कंसात टाका. उद्या कुणी तुमचं फंक्शन आणखी एका फंक्शनमध्ये गुंडाळलं, तर हाच घोळ पुन्हा होणार, हे लक्षात ठेवा. डीप्लायर हे आरचं पॅकेज वापरत असाल तर त्याच्या ‘फिल्टर’मध्ये ‘अट’ दुहेरी महिरपी कंसात घाला. 2019 पासून ही सोय आहे, आणि तिथे एक्स्प्रेशनबरोबर पत्ताही जातो.

एक सिनियर म्हणाला होता, ‘अट स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणातल्या मजकुरात दे, पार्स करून तिची एक्स्प्रेशन बनव आणि इव्हॅल कर, कशाला डोकं लावतेस?’ असल्या सिनियरपासून लांब राहा. अटीत गावाचं नाव आलं की अवतरणात अवतरण, आणि ती स्ट्रिंग वापरणाऱ्याकडून येत असेल तर तो तुमच्या मशीनवर काहीही चालवू शकतो. मॅडमनी मात्र उत्तर दिलंच नाही. ‘नवं सेशन उघड आणि चालव,’ एवढंच म्हणाल्या. तेव्हा राग आला होता.

वर्कस्पेस सेव्ह करणं मी आरस्टुडिओच्या (ज्यात मी आर चालवते) सेटिंगमध्ये कायमचं बंद केलंय. तरी मागच्या महिन्यात पुन्हा अडकले: अटीत बाहेरचं ‘मर्यादा’ नावाचं व्हेरिएबल वापरलं, आणि नव्या डेटात त्याच नावाचा कॉलम निघाला. कॉलम जिंकला. एरर अर्थातच नाही. या वेळी अर्ध्या तासात सापडलं.