मॅकवर ‘कर्नल टास्क’ सीपीयू खातोय? आधी उष्णता शोधा

टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात, माउस अडखळतो, पंखा घोंघावतोय. कोणती प्रोसेस किती सीपीयू घेतेय ते दाखवणारा अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडावा तर सगळ्यात वर कर्नल टास्क, आणि त्यापुढे आकडा ३५० नाहीतर ५००. साहजिकच हात आधी ती प्रोसेस बंद करायला जातो. ती बंद होत नाही, आणि होत नाही ते बरंच आहे. कर्नल टास्क हा मॅकओएसचा गाभा आहे. त्याचा प्रोसेस क्रमांक ० असतो.

एवढा मोठा आकडा दिसला की बहुतेक वेळा कर्नल टास्क काम करतच नसतो. मशीन तापलं की मॅकओएस त्याच्या नावावर सीपीयूचा वेळ अडवून ठेवते, म्हणजे सीपीयूवर तुटून पडलेल्या अ‍ॅप्सना तो कमी मिळतो आणि चिप थंड व्हायला वाव मिळतो. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसं हे आहे: बसलेलं कुणी नाही, पण दुसऱ्यालाही बसता येत नाही. म्हणून कर्नल टास्कला आवरायच्या मागे लागू नका. मशीन कशामुळे तापलंय (किंवा तापलंय असं त्याला का वाटतंय) ते शोधा. तेवढं सापडलं की आकडा आपोआप खाली येतो.

हा त्रास मुख्यतः इंटेल चिपच्या मॅकना होतो, त्यातही २०१६ ते २०२० मधल्या मॅकबुक प्रोंना. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ आणि त्यापुढच्या चिपवर तो क्वचितच दिसतो. तिथे काय बघायचं ते पुढे आहे.

आकडा नीट वाचा

अ‍ॅप्लिकेशन्समधल्या युटिलिटीज फोल्डरमध्ये अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर आहे. व्ह्यू मेनूतून ‘ऑल प्रोसेसेस’ निवडा, सीपीयू टॅबवर या आणि टक्क्यांच्या रकान्यावर क्लिक करून मोठा आकडा वर आणा. हे टक्के एका थ्रेडच्या हिशोबाने असतात; कोअर म्हणजे प्रोसेसरचा एक स्वतंत्र भाग, आणि इंटेलचा एक कोअर बहुधा दोन थ्रेड, म्हणजे कामाच्या दोन ओळी, चालवतो. चार कोअर आणि आठ थ्रेडच्या मशीनवर पूर्ण क्षमता ८०० टक्के होते, त्यामुळे १२० टक्के दिसले म्हणून सगळा सीपीयू संपला असं नाही. मशीन निवांत असताना कर्नल टास्क काही टक्क्यांवर असतो. मेमरी टॅबमध्ये तो गीगाबाइटच्या घरात दिसला तर ते चालायचंच, त्याचा इथे संबंध नाही.

खरी उपयोगाची असते त्याच्या खालची ओळ. ब्राउझरचा एखादा टॅब, व्हिडिओ कॉल, ‘एमडीएस स्टोअर्स’ किंवा ‘फोटो अ‍ॅनालिसिस डी’ तिथे शंभराच्या आसपास दिसत असेल, तर उष्णता तिथून येतेय. शेवटच्या दोन नावांना हात लावू नका. पहिलं स्पॉटलाइटची सूची बनवतं, दुसरं फोटोंतले चेहरे आणि वस्तू ओळखतं. मॅकओएस नुकती अपडेट केली असेल किंवा हजारो फाइल एकदम आणल्या असतील, तर चार्जर लावून रात्रभर मशीन चालू ठेवा, दोघंही काम उरकून शांत होतात. मधेच बंद केलंत तर पुढच्या वेळी उरलेलं काम पुन्हा सुरू होणारच.

इंटेल मॅकवर आणखी पक्का पुरावा टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या अ‍ॅपमध्ये, मिळतो. पीएमसेट हा आदेश रोमन अक्षरांत टाइप करा, मग जागा सोडून उणे चिन्हाला चिकटून जी, पुन्हा जागा सोडून ‘थर्म’ (एकूण pmset -g therm), आणि एंटर. उत्तरात सीपीयू स्पीड लिमिट नावाची ओळ येते. तिथे १०० असेल तर वेग कमी केलेला नाही. ७० किंवा ४० असेल तर उष्णतेमुळे लगाम घातलाय, आणि संथपणाचं कारण तुमच्या हाती आलं.

चार्जर उजवीकडे लावून बघा

चार थंडरबोल्ट पोर्टचा मॅकबुक प्रो असेल, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, तर बाकी काही करण्याआधी हे करा. चार्जर आणि हब दोन्ही डाव्या बाजूला लावले की त्या पोर्टांजवळचा सेन्सर झपाट्याने तापतो. मशीन निर्णय फक्त प्रोसेसरचं तापमान बघून घेत नाही, आजूबाजूचे सेन्सरही बघतं. त्यामुळे सीपीयू ६० अंशांवर असतानाही कर्नल टास्क उसळू शकतो, आणि ‘मशीन तर गरम नाही, मग हे का?’ या कोड्याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

चार्जर काढा. दहा मिनिटं बॅटरीवर नेहमीचंच काम करा. आकडा उतरला तर चार्जर उजव्या बाजूला लावा आणि पुन्हा दहा मिनिटं बघा. डावीकडे काही जोडायचंच असेल तर पेन ड्राइव्हसारखं हलकं जोडा. मॉनिटर, बाहेरची हार्ड डिस्क आणि चार्जर एकाच बाजूला गर्दी करू देऊ नका. मॅक्स फॅन कंट्रोलसारखं अ‍ॅप घातलंत तर सेन्सरांची तापमानं एकेक करून बघता येतात आणि फरक अंदाजाने ताडावा लागत नाही. पंख्याचा किमान वेगही त्यातून वाढवता येतो, आवाज सोसायची तयारी असेल तर.

दोनच पोर्ट असलेल्या मॅकबुक प्रोमध्ये आणि मॅकबुक एअरमध्ये ही सोय नाही, कारण दोन्ही पोर्ट डावीकडेच असतात. तिथे बॅटरी पार रिकामी होऊ न देणं हाच उपाय. रिकामी बॅटरी भरताना मशीन सगळ्यात जास्त तापतं, आणि नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल सुरू असेल तर दोन्ही उष्णतांची बेरीज होते.

बाहेरचा मॉनिटर हे दुसरं मोठं कारण. इंटेलच्या १५ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये मॉनिटर जोडला की वेगळं ग्राफिक्स कार्ड सतत चालू राहतं, पडद्यावर नुसता मजकूर असला तरी. मॉनिटर काढून दहा मिनिटं बघा. फरक पडला तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये त्याचं रिझोल्यूशन त्याच्या मूळ मापावर ठेवा. मधल्या मापाला ग्राफिक्स कार्डाला जास्त राबावं लागतं. मॅकबुक झाकून फक्त मॉनिटरवर काम करत असाल तर झाकण उघडं ठेवून बघा.

खोली किती तापलीय?

अ‍ॅपलने मॅकबुक वापरण्यासाठी दिलेली मर्यादा १० ते ३५ अंश सेल्सियस आहे. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर किंवा अकोल्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखालच्या खोलीत मशीन कुठल्याही बिघाडाशिवाय हा आकडा दाखवू शकतं. असं फक्त दुपारी १ ते ५ मध्ये होत असेल आणि सकाळी नसेल, तर दुरुस्तीला पैसे घालण्याआधी खोलीत थर्मामीटर टांगा.

मॅकबुक प्रोची हवा बिजागरीच्या फटीतून आणि कडांच्या जाळीतून खेळते. गादी, उशी, मांडीवरची शाल यांनी ती वाट बुजते. खाली स्टँड द्या, मागची कड दोनेक इंच उचला. खोलीत कूलर असेल तर दमट हवेचा झोत थेट मशीनवर नको. आणि फ्रिजमधली बर्फाची पिशवी मशीनखाली ठेवायचा जुगाड तर अजिबात नको. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत गार धातूवर लगेच दव धरतं, ते आत गेलं की लॉजिक बोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट बोर्ड, जातो.

मॅकओएस मॉन्टेरे किंवा त्यापुढची असेल तर बॅटरी सेटिंग्जमध्ये लो पॉवर मोड आहे. चार्जर लावलेला असतानाही तो चालू ठेवता येतो. वेग थोडा कमी होतो, पण लगाम लागून रडतखडत चालणाऱ्या मशीनपेक्षा सतत थोड्या कमी वेगाने चालणारं मशीन कधीही परवडलं.

एसएमसी रीसेट

पंखे, सेन्सर आणि चार्जिंग सांभाळणारा एसएमसी हा कंट्रोलर इंटेल मॅकमध्ये कधीकधी गोंधळतो. लक्षण असं: मशीन हाताला थंड, तरी पंखा जोरात आणि कर्नल टास्क वर.

२०१७ पर्यंतच्या, बॅटरी न निघणाऱ्या मॅकबुकमध्ये मशीन बंद करा. कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या शिफ्ट, कंट्रोल आणि ऑप्शन दाबा, सोबत पॉवर बटणही. चारही १० सेकंद धरून सोडा आणि मशीन सुरू करा.

टी२ चिपच्या, म्हणजे २०१८ पासूनच्या इंटेल मॅकबुकमध्ये पद्धत वेगळी आहे आणि बहुतेकजण इथेच चुकतात, कारण शिफ्ट उजवीकडची लागते. मशीन बंद करा. डावी कंट्रोल, डावी ऑप्शन आणि उजवी शिफ्ट ७ सेकंद धरा. त्या न सोडता पॉवर बटणही दाबा आणि चारही आणखी ७ सेकंद धरा. मधेच मशीन सुरू झालं तरी बोटं उचलू नका. सोडल्यावर काही सेकंद थांबून सुरू करा.

आयमॅक किंवा इंटेल मॅक मिनीची वायर १५ सेकंद काढून ठेवा, परत लावा, ५ सेकंद थांबून सुरू करा. एम मालिकेच्या मॅकमध्ये वेगळा रीसेट नाही, मशीन बंद करून पुन्हा चालू करणं पुरे.

थंड मशीन, तरी आकडा वर

आता उष्णता बाजूला ठेवा. हबसकट सगळी उपकरणं काढा, मग एकेक करून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने जोडा. स्वस्तातले यूएसबी हब इथे वरचेवर सापडतात. एम चिपच्या मॅकवर तर तपासणीला सुरुवात इथूनच करा.

मग सेफ मोड, म्हणजे बाहेरून घातलेले ड्रायव्हर न घेता मॅक सुरू करणं. इंटेलवर सुरू होताना शिफ्ट धरून ठेवा. एम चिपवर पॉवर बटण धरून सुरुवातीचे पर्याय येऊ द्या, डिस्क निवडा आणि शिफ्ट धरून ‘कंटिन्यू इन सेफ मोड’ दाबा. तिथे आकडा खाली राहिला तर दोष बाहेरून घातलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा. सिस्टिम रिपोर्टमध्ये सॉफ्टवेअरखाली एक्स्टेन्शन्स उघडा आणि कुणाकडून आलं या रकान्यात अ‍ॅपलखेरीज कोण आहे ते बघा. जुना अँटिव्हायरस, व्हीपीएन, ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर हे नेहमीचे संशयित. ते कचरापेटीत ओढू नका, त्यांच्याच अनइन्स्टॉलरने काढा. नाहीतर अ‍ॅप जातं आणि ड्रायव्हर मागे राहतो.

तापमान आवरणारी एक प्लिस्ट (सेटिंग्जची) फाइल सिस्टिम फोल्डरातून हलवायची, असाही एक जुना उपाय फिरत असतो. तो करू नका. त्याने लगाम सुटतो, उष्णता तशीच राहते. शिवाय मॅकओएसच्या एल कॅपिटन आवृत्तीपासून सिस्टिमच्या फाइलींना संरक्षण आहे आणि बिग सर आवृत्तीपासून सिस्टिमचा भाग सीलबंद असतो, म्हणजे आधी ते संरक्षण उतरवायला लागणार.

उघडायची वेळ

चार-पाच वर्षं न उघडलेल्या मॅकबुकच्या हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) जाळीत धुळीचा नमदा बसलेला असतो आणि चिप व हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकलेली असते. स्वतः उघडणार असाल तर खालच्या झाकणाच्या स्क्रूंना पी५ पेंटालोब स्क्रू-ड्रायव्हर लागतो. स्क्रूंची लांबी सारखी नसते, म्हणून कागदावर झाकणाचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटवा. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. हवेचा फवारा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, ते गरगर फिरू देऊ नका. पेस्ट बदलायला मात्र हीटसिंक काढावा लागतो. ते काम सवयीच्या माणसाला द्या.

दुकानात जाण्याआधी अ‍ॅपल डायग्नोस्टिक्स, म्हणजे मॅकमधलीच हार्डवेअर तपासणी, चालवा. इंटेलवर सुरू होताना डी धरायचा. एम चिपवर सुरुवातीच्या पर्यायांपर्यंत येऊन कमांड आणि डी. येणाऱ्या कोडची सुरुवात पीपीएफने असेल तर पंखा, पीएफएमने असेल तर एसएमसी, पीपीटीने असेल तर बॅटरी. बॅटरीचा कोड आला तर तोही गंभीरपणे घ्या: बॅटरी निकामी झाली किंवा काढून टाकलेली असली की इंटेल मॅकबुक सीपीयूचा वेग मुद्दाम खूप कमी ठेवतो. मग पेस्ट कितीही बदला, उपयोग शून्य. कोडचा फोटो काढून ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याला दाखवून त्याच भागाचा अंदाजखर्च मागा. आख्खा बोर्ड बदला असं तो म्हणाला, तर कोणता सेन्सर किती तापमान दाखवतोय ते पडद्यावर दाखवायला सांगा.