बेळगावकडं घरात ऑफिस मांडताना आधी काय घ्यायचं आणि काय मागं ठेवायचं

पुण्या-बेंगळूरच्या कंपन्यांत लागलेली आपली बरीच पोरं आता आठवड्यातले काही दिवस तरी घरूनच काम करायलीत, कुणी टिळकवाडीत, कुणी खानापूरला, कुणी निपाणी-चिकोडीकडं गावातच, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच की लॅपटॉप तर कंपनीनं दिलाय, बाकी काय काय घ्यायचं. ऑनलाइन याद्या बघितल्या तर पहिल्या नंबरला भारी खुर्ची, मग रंगीत लाईटवाला कीबोर्ड, मग रिंगलाईट. या याद्या जिथं लाईट जात नाही अन् वळीव कोसळत नाही अशा ठिकाणी बसून केलेल्या असतात. आपल्याकडं यादी उलटी धरायची. पहिला करंट, मग नेट, मग मान-पाठ, मग आवाज, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी.

करंटमध्येपण पहिलं अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत सोडणारी वायर, आणि नेमकं हेच कुणी बघत नाही. लॅपटॉप चार्जिंगला लावलाय, बॉडी धातूची आहे आणि मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या यायल्यात, असं होत असेल तर सॉकेटला अर्थिंग नाही किंवा नावालाच आहे असा संशय घ्यायचा (चार्जर दोन पिनांचा असेल तर अर्थिंग चांगलं असूनपण असं होतं, तेव्हा आधी पिना मोजा). जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचा दिसतो पण वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नसते. वायरमनला बोलवा आणि तोंडी "हाय की अर्थिंग" यावर समाधान मानू नका, मल्टिमीटर लावून दाखवा म्हणायचं. फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थमध्ये साधारण 230 व्होल्ट यायला पाहिजे, न्यूट्रल (परतीची वायर) आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-न्यूट्रल बरोबर दाखवतंय पण फेज-अर्थ मधेच कुठंतरी लोंबकळतंय, तर वायर तुटलीय नाहीतर ती जिथं जमिनीत पुरलीय तो खड्डा वाळलाय. उन्हाळ्यात खड्डा वाळतोच, मार्च-एप्रिलपासून त्यात अधूनमधून पाणी ओतत राहायचं, एवढं तरी फुकट आहे.

हे झाल्यावरच स्पाईक गार्ड, म्हणजे सर्ज प्रोटेक्टर. बाजारात साधा एक्स्टेन्शन बोर्ड आणि सर्ज प्रोटेक्टर शेजारी-शेजारी टांगलेले असतात आणि दिसायला सारखेच, पण खोक्यावर ज्यूलचा (किती झटका सोसतो त्याचा) आकडा छापलेला नसेल तर तो नुसता बोर्ड समजायचा. जादाचा झटका स्पाईक गार्ड अर्थिंगकडं वळवतो, म्हणून अर्थिंग नसेल तर महागातला घेऊनपण तो अर्धवटच काम करणार. त्याच्या आतला भाग झटके खाऊन झिजतो, त्यामुळं "प्रोटेक्शन चालू" दाखवणारा दिवा असलेला घ्या, दिवा विझला की बदलायचा. आणि त्याच बोर्डावर इस्त्री लावायची नाही, घरात कितीही जण म्हणू देत.

एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी ढग भरून आले आणि कडाडायला लागलं की स्पाईक गार्डच्या भरवशावर बसायचं नाही, सरळ प्लग काढायचे. फायबर नेटच्या वायरीतली काच करंट नेत नाही हे खरं, पण नेटचा घरातला डबा अडॅप्टरवर चालतो आणि अडॅप्टर भिंतीत असतो, शिवाय डब्यातून लॅपटॉपला गेलेली लॅन वायर तांब्याची. तीपण काढा.

आता लाईट जाण्याचं. इथं लोक घाईनं यूपीएस (लाईट गेल्यावर बॅटरीवर मशीन चालू ठेवणारा डबा) घेऊन येतात, पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला यूपीएस कशाला? लाईट गेली की मीटिंग तुटते ती राउटर बंद पडल्यामुळं. म्हणून लॅपटॉपवाल्यांनी राउटरचा छोटा डीसी यूपीएस घ्यायचा, तळहाताएवढा असतो, अडॅप्टर आणि राउटरच्या मधे बसतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं आउटपुट वाचा, बहुतेक 12 व्होल्ट असतं पण 9 व्होल्टवालेपण आहेत, व्होल्ट तंतोतंत जुळायला पाहिजे, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, आणि पिनेची जाडी दुकानातच लावून बघायची. काही घरांत फायबरचा डबा वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, तेव्हा दोन्हीला पुरेल असा पाहिजे, एकच चालू ठेवून काय उपयोग नाही.

घरात इन्व्हर्टर आधीच असेल तर बघायचं की त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटण आहे का. साध्या मोडवर लाईट जाऊन इन्व्हर्टरवर यायला जो क्षणभर वेळ जातो तेवढ्यात डेस्कटॉप रिस्टार्ट होतो आणि राउटर परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं खातो. बटण यूपीएसवर टाकलं की बऱ्याच वेळा एवढ्यानंच काम भागतं. डेस्कटॉपवाल्यांना मात्र यूपीएस लागतोच, 600 व्हीएचा घेतला तर त्यात बहुतेक 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते, तिच्यावर मशीन आणि मॉनिटर मिळून दहा-पंधरा मिनिटं धरा, म्हणजे फाईल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता. त्यावर लेझर प्रिंटर कधी लावायचा नाही, तो तापताना एवढा करंट ओढतो की यूपीएस ओरडत बसतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, नवीन घेताना जुनी दुकानात द्या, तिच्यातल्या शिशाचे पैसे वळते करून घेता येतात.

नेटच्या बाबतीत आपल्याकडची घरंच आडवी येतात. चिऱ्याच्या नाहीतर दगडी जाड भिंती, मधे माजघर, राउटर पुढच्या खोलीत आणि ऑफिस मागं परसाकडं, मग वायफाय पोचणार कसं. 5 गिगाहर्ट्झ वेगवान असतं पण जाड भिंतीपुढं हात टेकतं, 2.4 लांब जातं पण हळू. रिपीटर (वायफाय पुढं ढकलणारा डबा) घेण्यापेक्षा एकदाच कॅट 6 ची लॅन वायर ओढा, 100 मीटरपर्यंत चालते, आपल्या कुठल्याच वाड्याला एवढी लागत नाही. वायर केसिंगमधून न्या कारण माळ्यावर उंदीर असतातच. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर मिळतो.

मग मान-पाठ. इथं सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पडतो, लॅपटॉप स्टँड आणि वेगळा कीबोर्ड-माउस. लॅपटॉपची गोम अशी की स्क्रीन डोळ्यासमोर आणली तर कीबोर्ड छातीशी येतो आणि कीबोर्ड खाली ठेवला तर मान वाकते, दोन्ही जुळायचं तर ते वेगळे करायलाच पाहिजेत. स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या पातळीला, अंतर हातभर, कोपर काटकोनात आणि पाय जमिनीला टेकलेले. घरातलं टेबल साधारण 30 इंच उंच असतं, ते टायपिंगला बऱ्याच जणांना उंच पडतं, मग खांदे वर उचलून काम करायचं आणि संध्याकाळी मान धरली म्हणायचं. गावातल्या सुताराला 28 इंचाचं टेबल सांगा, मागच्या कडेला वायरी जायला भोक पाडून घ्या, तयार टेबलापेक्षा दणकट होतं. खुर्ची भारी नसली तरी चालेल, पण उंची कमी-जास्त करता आली पाहिजे. रेक्झिनची नको, पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते आणि उन्हाळ्यात पाठ भिजते, जाळीची बरी.

दिवसभर एक्सेल नाहीतर कोडिंग असेल तर मॉनिटर घ्याच, 24 इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनल, एवढं बहुतेकांना पुरतं. एक सांभाळायचं, लॅपटॉपला टाईप-सी आहे म्हणजे त्यातून मॉनिटर चालतोच असं नाही, काही टाईप-सी पोर्ट नुसते डेटाचे असतात. पोर्टशेजारी डिस्प्लेची खूण आहे का बघा, नाहीतर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साईटवर वाचा, आणि नंतरच हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा जोड) घ्या. एचडीएमआय असेल तर प्रश्नच मिटला.

कीबोर्डचं एक आपल्यासाठी खास. सीमाभागात आपल्याला मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही लागतात, पंचायतीचा अर्ज कन्नडात, घरचा ग्रुप मराठीत. त्यासाठी अक्षरं छापलेला वेगळा कीबोर्ड शोधत हिंडू नका. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठी बटणांची ठरलेली मांडणी) चालू केलं की मराठीतला क ज्या बटणावर, कन्नडमधला कपण त्याच बटणावर, प चं तसंच, त चं तसंच, एक शिकलं की दुसरं आपसूक येतं. ज्यांना इंग्लिश स्पेलिंगनंच टाईप करायचंय त्यांच्यासाठी विंडोज 10 मध्ये 2019 च्या अपडेटपासून फोनेटिक कीबोर्ड आलेत, दोन्ही भाषांचे. भाषा बदलायला विंडोजचं बटण दाबून स्पेसबार.

आवाजाकडं येऊ. वडगाव-खासबागकडं राहणाऱ्यांना सांगायला नको, शेजारी माग सुरू झाला की खटखट थांबत नाही, आणि जून-जुलैत पत्र्यावर पाऊस पडायला लागला की समोरच्याला तुमच्याऐवजी पाऊसच ऐकू येतो. लॅपटॉपचा माईक खोलीतलं सगळं ओढून घेतो. इथं महागडा टेबलावरचा माईक घेऊ नका, तो तर अजून ओढतो, तोंडाजवळ दांडी येणारा यूएसबी हेडसेट घ्या, दांडी ओठाच्या कोपऱ्याला दोन बोटं अंतरावर ठेवायची, बरोबर समोर नको, श्वासाचा फुस्स आवाज जातो. खोक्यावर नॉईज कॅन्सलिंग लिहिलेलं असतं, ते तुमच्या कानासाठी आहे की माईकसाठी हे विचारून घ्या, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याला माईकचं पाहिजे.

कॅमेरा लॅपटॉपचाच चालवा. खिडकीकडं पाठ करून बसू नका, तोंड करून बसा, रिंगलाईटचे पैसे वाचले.

पावसाळ्यात खानापूरकडं तर भिंती पाझरतात, त्यामुळं टेबल भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा आणि स्पाईक गार्ड जमिनीवर टाकू नका, टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूनं मारा. न वापरायचे हेडफोन, हार्ड डिस्क डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायच्या.

घेताना यूपीएस, बॅटरी, स्पाईक गार्ड या गोष्टी गावातल्या दुकानातूनच जीएसटी बिलावर घ्या, दोन-चारशे जास्त गेले तरी, कारण बिघडल्यावर एवढं वजन कुरिअरनं परत पाठवत कोण बसणार. बिलावर सिरीयल नंबर घालून घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, ती शाई वर्षभरात उडते. मॉनिटर ऑनलाइन घेतला तरी चालेल, फक्त खोकं उघडताना व्हिडिओ काढा, पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन करून ठिपके तपासा, आणि परत द्यायची मुदत संपेपर्यंत खोकं माळ्यावर टाकू नका.